कॅमेऱ्याची गोधडी

वच्छलाबाईला सिनेमाचा राग नव्हता, सिनेमावाल्यांची किळस होती. चितेगावच्या पुढं पैठण रस्त्याला लागून तिची वस्ती. दोन हजार तेराचा मार्च होता. विहिरी कधीच्या आटलेल्या, पाण्याचा टँकर चौथ्या दिवशी यायचा, तोही मनात आलं तर. आजूबाजूच्या रानात ज्वारीच्या जागी प्लॉटांचे दगड उगवलेले. असल्या साली ही मंडळी मुंबईहून गाड्या भरभरून आली, ती कशाला, तर दुष्काळाचा सिनेमा काढायला. मढ्याघरी जेवायला आल्यासारखी.

तरी ती गप्प होती, कारण नात त्यांच्यात होती. राजनंदिनी शहरात फोटो काढायला शिकली, चार वर्षं लोकांच्या लग्नात नवऱ्या मुलींच्या मेंदीचे फोटो काढून विटली. वस्तीवरचा काकासाहेब सिनेमावाल्यांना जागा, जेवण, माणसं, सगळं पुरवत होता. त्यानं तिला तिथं लावून दिलं. शूटिंग चालू असताना फोटो काढायचे, तेच पुढं पोस्टरवर लागतात. पोरीचं पहिलं खरं काम.

अन् पहिल्याच दिवशी माशी शिंकली. आवाज धरणारा हिमांशू म्हणून एक होता, त्यानं कानावरचा हेडफोन काढून सांगितलं, की मॅडमच्या कॅमेऱ्याचा खटका माझ्या कानात फटाक्यासारखा फुटतोय. खटक्याचा आवाज दाबणारी पेटी मिळते म्हणे, कॅमेरा आत ठेवला की आवाज बाहेर येत नाही, पण ती मुंबईहून मागवायला आठवडा. तालमीच्या वेळी फोटो काढावेत, तर नटीबाई तालमीत रडत नव्हत्या, आसवं खऱ्या टेकसाठी राखून ठेवत होत्या. दिग्दर्शक मुकुंद सरळ म्हणाला, उद्यापर्यंत कॅमेरा गप्प करा, नाहीतर मी मुंबईचा माणूस बोलावतो.

राजनंदिनी डोळे पुसत घरी आली. टॉवेल गुंडाळून बघितला, स्वेटर गुंडाळून बघितला, खटका काही हटेना.

"फोटू काढायचा अन् चाहूल लागू द्यायची नाय," वच्छलाबाई म्हणाली, "ही चोराची रीत झाली." पण आपल्या घरातलं माणूस कुणी दुसऱ्या दिवशी परत पाठवावं, हेही तिला गिळवेना. तिनं कॅमेरा मांडीवर घेतला, कान लावला, पोरीला दाबायला लावलं. आवाज पोटात होतो आणि गळ्यातून बाहेर पडतो, हे तिला तीन खटक्यांत कळलं. मग ट्रंक उघडली. आत घोंगडीचा तुकडा, मध्ये जुन्या लुगड्यांचे पाच थर, वरून काळं फडकं. टाका इतका दाट, की मुंगीला वाट नाही. हात घालायला चोळीच्या दोन बाह्या, भिंगाच्या गळ्याला पायजम्याचं इलॅस्टिक, मागं बघायला जाड प्लॅस्टिकची खिडकी. संध्याकाळपर्यंत खटका असा झाला, जणू भिंतीपल्याड कुणी जिभेनं चुक् केलं.

दुसऱ्या दिवशी तीही शूटिंगला गेली. शिवण उसवली तर, असं तिचं निमित्त. लिंबाखाली तिला खुर्ची दिली, ती सरकवून ती खाली बसली.

बसते न बसते तोच टँकर आला. तोच, काकासाहेबाचा, वस्तीला पाणी आणणारा; चालवायला धोंडिबा. वच्छलाबाई ताठ झाली. आज वस्तीचा नंबर होता, आणि सकाळीच काकासाहेब घरोघर सांगून गेला होता, की टँकर बिघडलाय, उद्या बघू. आता दोन माणसांनी पाइप ओढला आणि रानातल्या वाटेवर पाणी मारायला लागले. नटी चालताना धूळ उडून कॅमेऱ्यावर बसू नये म्हणून. दुष्काळाच्या सिनेमात यांना धूळ नको होती. पाणी वाटेवर पडत होतं, जमीन ते चर्रकन पीत होती.

वच्छलाबाई उठली. राजनंदिनी पळत आली, तिचा हात धरला.

"आज्जी, तुझ्या पाया पडते, आज नको. काकासाहेबानंच लावलंय मला इथं. तू तोंड उघडलंस की माझं काम गेलं."

वच्छलाबाई खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं म्हणून बसली.

टेक सुरू झाला. नटीचं लुगडं फाटकं होतं, पण कात्रीनं फाडलेलं, दोन्हीकडं सारखं. गालाला माती, तीही कुणीतरी बोटानं लावलेली. ती रिकामी घागर घेऊन निघाली, आणि हिमांशूनं हात वर केला. थांबवलं.

"खटका नाही," तो म्हणाला. "दुसरंच काहीतरी आहे. पाऊस पडतोय का कुठं?"

सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ तव्यासारखं. पुन्हा टेक, पुन्हा हात वर. शेवटी तो माइक घेऊन हुंगत हुंगत आल्यासारखा राजनंदिनीपाशी आला, गोधडी हलवली, आणि आतून सर्रसर्र वाजलं.

वच्छलाबाईला तिथल्या तिथं कळलं. घास. तिच्या घरात गोधडी शिवली की चारी कोपऱ्यांत ज्वारीचे चार दाणे घालून मग कोपरा बंद करायचा. गोधडी उपाशी ठेवू नये, नाहीतर पांघरणाऱ्याला उपास घडतो. हात आपसूक गेला होता. कॅमेऱ्याच्या गोधडीलाही तिनं जेवू घातलं होतं.

मुकुंद हसला. त्याच्यामागं बाकीचेही हसले. वच्छलाबाईनं पिशवीतून सुई काढली आणि चार परक्या माणसांसमोर आपल्याच हातचे टाके उसवून चारी कोपरे रिकामे केले. दाणे मुठीत धरले. असलं काम तिनं कधी केलं नव्हतं.

तेवढ्या वेळात वाट वाळली. काकासाहेबानं पुन्हा पाइप सोडायला लावला. पहिल्यापेक्षा जास्त पाणी गेलं. आपल्या चार दाण्यांपायी गेलं, हे तिला समजत होतं, आणि तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

या वेळी टेक झाला. राजनंदिनी बाह्यांत हात घालून नटीच्या अगदी जवळ बसलेली, बोटं आत हलत होती, बाहेर आवाजाचा मागमूस नाही. नटी छान रडली. हिमांशूनं मान डोलावली.

वच्छलाबाई उठून मुकुंदसमोर जाऊन उभी राहिली.

"पोरगी राहिली का कामावर? चार माणसांत सांगा."

"राहिली आजी. शेवटच्या दिवसापर्यंत. काम फार सुंदर केलंत तुम्ही."

"सगळ्यांनी ऐकलं ना? झालं तर." ती काकासाहेबाकडं वळली. "बिघडलेला टँकर बरा चालतो की रं तुझा. वस्तीवर बाया सकाळधरनं हंडे लावून बसल्यात, अन् तू त्यांचं पाणी ह्या बाईच्या पायाखाली वततोस? थू तुझ्या जिनगानीवर."

काकासाहेब म्हणाला, काकू, घरी बोलू. मुकुंदनं घड्याळ बघितलं आणि पुढच्या शॉटची जागा दाखवायला निघून गेला. कुणालाच काही झालं नाही. राजनंदिनी मान खाली घालून गोधडीचं इलॅस्टिक नीट करत राहिली. थुंकावं तर किती जणांवर, असं झालं वच्छलाबाईला.

ती टँकरच्या केबिनमध्ये चढून बसली. "धोंडिबा, चावी फिरव."

"मावशी, काकासाहेब…"

"त्याचा बाप तुझ्यासारखाच भित्रा व्हता. फिरव."

धोंडिबानं काकासाहेबाकडं बघितलं, मग मावशीकडं बघितलं, आणि चावी फिरवली. मागून कुणीतरी ओरडलं, की अजून दोन शॉट राहिलेत.

वस्तीवर टँकर आला तेव्हा ऊन कलत होतं. बाया धावल्या. चंपाबाईचा हंडा पहिला. तिच्या मागच्या पंधरा-वीस जणींपर्यंत पाणी पोचलं, आणि नळी फुसफुसायला लागली. रांगेत अजून तेवढ्याच बाया होत्या.

"अर्धाच?" चंपाबाईनं विचारलं. "अन् बाकीचं कुठं गेलं?"

काकासाहेबाचं नाव वच्छलाबाईच्या जिभेवर आलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण रिकाम्या हंड्यांकडं बघून तिला ते सांगताना तोंड कडू झालं.

"वाटंवर वतलं," ती म्हणाली. "दोनदा वतलं. अन् मी बसून बघत व्हते. नातीचं काम ऱ्हावं म्हणून."

वच्छलाबाई खाली उतरली, शेजारणीनं रांगेत लावलेला आपला हंडा भरून आलेला होता तो उचलला, आणि रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या पारूबाईच्या हंड्यात उपडा केला.