निरोप पोचेल

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायचा नाही, हे मी चालायला शिकायच्या आधी शिकले असेन. प्रत्येक घरमालकाची पहिली अट तीच. त्यामुळे आई गेल्यापासून तिचा फोटो फ्रिजवर टेकवून ठेवलाय. फ्रिजचं दार जरा जोरात लागलं की आई तोंडावर पडते. मी उचलते, पुसते, परत टेकवते.

म्हणून एका चित्रकलेच्या बाईंचं विकायला काढलेलं घर बघायला गेले तेव्हा मी आधी भिंती चाचपल्या. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लिंबाचं झाड. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि कायमच्या लेकीकडे निघाल्या होत्या. चित्रं उतरवून झाली होती, भिंतीवर नुसते खिळे राहिले होते. "हे राहू देत ना?" बाईंनी विचारलं आणि मला चक्क रडू आलं. घराला दुसरं गिऱ्हाईकही होतं, पण बाई म्हणाल्या, "तो घेऊन भाड्याने देणार. तुम्ही राहाल. मी शब्द देते, फक्त मी जायच्या आत कागद करा."

कागद म्हणजे वकील आले. घर बाईंचंच आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, असं वकिलाने लिहून दिल्याशिवाय बँक कर्ज देणार नव्हती. एवढंच काम. वकीलसाहेबांनी बाईंचे मूळ कागद ठेवून घेतले आणि म्हणाले, "झालंच समजा." पुढच्या महिन्यात विचारलं, तर झालंच समजा. त्याच्या पुढच्या महिन्यातही झालंच समजा. घरात मी त्यांचं नावच 'झालंच' ठेवून टाकलं. या माणसाला धुळीची ॲलर्जी, आणि ऑफिसात छतापर्यंत फायली. एकदा शिंकायला लागले की थांबायचं नाव नाही. माझी फाईल शोधताना शिंकायचे, मग रुमाल शोधायचे, आणि रुमाल सापडेपर्यंत माझी वेळ संपलेली असायची.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळपासून लोकांच्या दंडात सुया खुपसायच्या, मग नळ्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या. वकिलाच्या दारात धरणं धरून बसायला मला कुठला वेळ? शेवटी एका रविवारी बाबांना म्हटलं, "तुम्ही जाऊन बसा त्यांच्यासमोर. काही बोलू नका, नुसते बसा. डोळ्यासमोर माणूस दिसला की फाईल हलते."

बाबांनी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. काय आवाज होता त्यांचा. चिडलेला माणूस त्यांच्याशी दोन वाक्यं बोलला की मऊ व्हायचा. आणि पोटातलं ओठावर येईल तर शपथ. अख्ख्या गावाची भांडणं, सोयरिकी, लफडी त्यांच्या कानावरून गेली, पण घरी एक अक्षर आलं नाही. आई कधी खोदून विचारायची, तर म्हणायचे, "लाईनवरचं घरी आणायचं नसतं." आम्हाला त्याचं फार कौतुक होतं. निवृत्त झाल्यावर मात्र तो आवाज कोणाला लागेना. दिवसभर खिडकीत बसायचे. संध्याकाळी मी विचारायची, "आज काय केलंत?" तर म्हणायचे, "काही नाही."

तर बाबा जाऊन बसले. पहिल्या आठवड्यात रोज बातमी यायची: फाईल सापडली, फाईल टेबलावर आली. मी खूश. मग वकिलांची फोन घेणारी मुलगी नोकरी सोडून गेली. फोन वाजत राहायचा, बाबांना ते बघवेना. एकदा उचलला, दुसऱ्यांदा उचलला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना खुर्ची मिळाली. ते शर्टाला इस्त्री करून जायला लागले. वर्षानुवर्षं पेटीत पडलेलं घड्याळ मनगटावर आलं. जेवताना "आमच्याकडे आज फार गर्दी होती" असं म्हणायला लागले.

"आणि आपल्या कागदाचं काय?" मी विचारलं.

"साहेबांवर किती भार असतो, तुला कल्पना नाही."

"बाबा, तुम्हाला मी तिथे कशाला पाठवलं?"

"होईल ना. झालंच समज."

मी हातातला घास खाली ठेवला. पण चेहरा बघितला त्यांचा. गाल भरले होते, डोळ्यांत चमक होती माणसाच्या. जाऊ दे म्हटलं. तिथेच माझं चुकलं, पण म्हातारा बाप पुन्हा माणसात आलेला बघून कोणाची जीभ उचलली असती?

मग एका शुक्रवारी लॅबमधून निघताना चित्रकलेच्या बाईंचा फोन आला. आवाज पडलेला होता. "मुली, मला माफ कर. मी त्या दुसऱ्या माणसाला होकार दिला."

मी जिन्यातच बसले.

"माझं जायचं अलीकडे आलं गं," त्या म्हणाल्या. "लेकीला दवाखान्यात ठेवलंय. मी मंगळवारी तुमच्या वकिलांकडे फोन केला. म्हटलं, शुक्रवारपर्यंत कागद झाले नाहीत तर मला थांबता येणार नाही, एवढं पार्टीला कळवा. बुधवारीही केला, कालही केला. फोनवर एक गृहस्थ असतात बघ, फार गोड बोलतात. प्रत्येक वेळी म्हणाले, निरोप पोचेल. तुझ्याकडून काहीच आलं नाही. मला वाटलं, तुझं मन बदललं."

"तुम्ही मला का नाही केलात फोन?" मी विचारलं.

"त्या गृहस्थांनीच सांगितलं, मध्ये वकील आहेत, तर त्यांच्यामार्फतच बोललेलं बरं. मला पटलं. किती सभ्य माणूस आहे गं."

घरी आले तेव्हा बाबा पालेभाजी निवडत बसले होते. मी चप्पलही काढली नाही. "बाईंचा फोन आला होता ऑफिसात?"

त्यांचे हात थांबले. "आला होता."

"तीन वेळा?"

"तीन वेळा. प्रत्येक वेळी लगेच साहेबांच्या कानावर घातलं मी."

"आणि माझ्या?"

ते हळूच म्हणाले, "ऑफिसातला फोन होता तो."

"बाबा, आपल्या घराचा फोन होता."

"फोन साहेबांना होता," बाबा म्हणाले. "आपल्या फायद्याचं ऐकलं म्हणून घरी येऊन सांगायचं, असं मी कधी केलं नाही. त्या टेबलावर बसल्यावर कसं करणार?"

इतका राग आयुष्यात कोणाचा आला नव्हता मला. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या तत्त्वापायी आई अजून फ्रिजवर उभी आहे." ते भाजीकडे बघत राहिले. म्हातारा रडला असता तर मी गळ्यात पडले असते. पण त्यांनी एक खराब पान बाजूला काढलं, मग दुसरं काढलं.

शनिवारी अर्धी रजा टाकून वकिलांकडे गेले. 'झालंच' माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच त्यांचं काही बुडवलंय. "अहो, घाई होती तर आठवण करायची," ते म्हणाले. "तुमचे वडील तर दिवसभर इथेच असतात. बाईंचे निरोप दिले, पण स्वतःहून एक शब्द बोलले नाहीत." मग शिंकले, आणि रुमालामागून बाबांना म्हणाले, "काका, तेवढं चहाचं सांगा ना." माझे वडील उठले आणि चहाचं सांगायला गेले. मी चहाला थांबले नाही.

वाटलं होतं, आता तरी जाणार नाहीत. सोमवारी सकाळी उठले तर न्हाणीघरात पाण्याचा आवाज, खुर्चीवर इस्त्री केलेला शर्ट. मी विचारलं, "जाताय?" ते म्हणाले, "फोन कोण घेईल?" आणि गेले.

दुपारी बाईंचा परत फोन. वकिलांकडचे मूळ कागद त्यांना आता त्या दुसऱ्या माणसासाठी हवे होते. काय म्हणणार? मीच दिले होते, मीच परत आणायला हवेत. हातातले मोजे काढले आणि वकिलांच्या ऑफिसला फोन लावला.

"नमस्कार, वकीलसाहेबांचं ऑफिस."

तोच जुना आवाज. लहानपणी तापात झोप लागेना तेव्हा उशाशी बसायचा, तोच.

"साहेब आहेत का?" मी विचारलं.

त्यांनी मला ओळखलं नाही, असं म्हणायची सोय नाही. आवाजावरून माणूस ओळखण्यात त्यांचा जन्म गेला.

"साहेब कोर्टात गेलेत," ते म्हणाले. "आपण कोण बोलताय?"

त्यांच्या पाठीमागे कोणीतरी शिंकलं. परत शिंकलं. मग ओळीने शिंकतच राहिलं. त्या शिंका संपेपर्यंत मी फोन कानाला धरून उभी होते, आणि बाबाही तिकडे तसेच असणार.

"काही निरोप आहे का?" ते म्हणाले.

"दोन आहेत. साहेबांना सांगा, बाईंचे मूळ कागद परत हवेत."

"सांगतो. आणि दुसरा?"

"दुसरा साहेबांना नाही. तुमच्याकडे फोन घ्यायला एक गृहस्थ बसतात, त्यांना आहे."

"बोला."

"त्यांना सांगा, त्यांची मुलगी यापुढे घर बघेल ते एकटीपुरतं बघेल."

मला वाटलं, आता तरी 'अगं' म्हणतील. नुसतं 'अगं' म्हणाले असते तरी मी सगळं मागे घेतलं असतं.

"निरोप पोचेल," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ते नेहमीच्या वेळेला आले. घड्याळ काढून ठेवलं, हातपाय धुतले, जेवायला बसले. भाजीत मीठ कमी पडलंय म्हणाले. त्या फोनबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मग ताट उचललं, पाणी घ्यायला फ्रिज उघडला, आणि आई पडू नये म्हणून दार अगदी हळू लावलं.