खांबाच्या आतलं लाकूड

लेकीने लाकडी इमारतीत आठव्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा बंबवाल्या आजोबांनी तिच्याशी अबोलाच धरला. उभी हयात अग्निशमन दलात गेलेली. आगीत लाकडी घरं बघता बघता कशी कोसळतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "इमारत कसली, रचून ठेवलेली चूल आहे ती!" असं ते येईल त्याला ऐकवायचे. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून नाइलाजाने तिच्याकडे राहायला आले.

एका दुपारी धोक्याचा भोंगा वाजला. खालच्या घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी भडकली होती. घरातला माणूस कसाबसा बाहेर पळाला, त्याच्याबरोबर धुराचा लोटही बाहेर आला आणि मग दार आपोआप लागलं.

"बाबा, चला!" लेकीने हात धरला.

"थांब, आधी टॉवेल ओले कर. जिना धुराने भरला असणार."

ओला टॉवेल नाकाशी दाबून आजोबांनी जिन्याचं जड दार ढकललं आणि ते जागच्या जागी थबकले. धुराचा मागमूस नव्हता. उलट गार वाऱ्याचा झोत अंगावर आला.

"भोंगा झाला की पंखे सुरू होतात," लेक म्हणाली. "बाहेरची हवा जिन्यात भरतात, म्हणजे धूर शिरत नाही. नियमच आहे तसा."

नोकरीत धुराने भरलेले किती जिने ते भिंत चाचपत, रांगत चढले होते! इथे शेजारीण तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन सावकाश उतरत होती आणि बाळ चक्क झोपलं होतं. सातव्या मजल्याच्या दाराला छोटी काच होती. पलीकडे करडा धूर दाटलेला, अलीकडे त्याचा वाससुद्धा नाही. आजोबा तिथेच खिळले.

"बाबा, गुडघे दुखतायत का?"

"गप गं. बघू दे जरा."

छतातले फवारे सुरू होऊनही बॅटरी बराच वेळ धुमसत राहिली. जवानांनी आग विझवल्यावर त्यांच्या अधिकारी बाईंनी खाली थांबलेल्या आजोबांना ओळखलं आणि वर त्या घरात नेलं. खोलीतल्या सामानाचा कोळसा झाला होता. कोपऱ्यातला लाकडाचा उघडा खांब काळाठिक्कर पडलेला.

"हा गेला," आजोबा पुटपुटले.

बाईंनी पटाशीने खांब खरवडला. बोटभर काळा थर गळून पडला आणि खाली पिवळसर, कोरं करकरीत लाकूड दिसलं.

"जाड लाकूड वरून जळतं, आजोबा, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला आच लागू देत नाही. खांबाची जाडी ठरवतानाच जळायचा भाग जास्तीचा धरतात."

आजोबांनी तळहात टेकवला. नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा वास आला. कितीतरी वेळ त्यांनी हात काढला नाही.

खाली त्या घराचा मालक डोकं धरून बसला होता. आजोबा गुडघ्यांची पर्वा न करता त्याच्यापाशी उकिडवे बसले.

"सामान गेलं रे तुझं. पण घर उभं आहे. ऊठ, चल, दाखवतो."