मागाच्या खोलीतलं झाड

उमरेडचं घर सोडून आम्ही बेसाच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा बरंच सामान मी वाटून टाकलं. स्नेक प्लांटचा डबा मात्र मांडीवर धरून आणला. ते झाड माझ्या विणकर यजमानांनी मागाच्या खोलीत लावलं होतं. खोलीला एकच झरोका, तरी पानं ताठ. पुढे माग विकला, तेही गेले, झाड राहिलं.

इथली माझी खोलीही अंधारीच. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. रुचिकानं, माझ्या सुनेनं, ते झाड गंजक्या डब्यातून काढून चिनी मातीच्या कुंडीत लावलं. छान दिसलं.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली. एकाला हात लावला, तर ते बुडातून सुटून हातात आलं.

"आई, बाल्कनीत ठेवू काय याले? उजेड कमी पडून राहिला," रुचिका म्हणाली.

"त्यानं कधी पाहिला वं उजेड?"

"मंग तुमच्यासारखं रुसलं असन."

माझा मुलगा भूपेश म्हणाला, "फेकून दे. नर्सरीत ढिगानं भेटते."

त्याच्या वडलांच्या हातचं, जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्या घेऊन कुंडीजवळ गेले. रुचिका दारातच होती.

"रोज टाकता काय पाणी?"

"रोज. उठल्याबरोबर."

बोलता बोलता माझा हात थांबला. उमरेडला झाडलोट झाली की मागाच्या खोलीत पाणी शिंपडणं माझं काम. हवा कोरडी झाली की सूत तुटायचं. मग आतून त्यांचा आवाज यायचा, "पाणी विसरली काय वं आज?" ते पाणी मातीची जमीन पिऊन टाकायची. डब्यात चार थेंब गेले तर गेले, तेही बुडाच्या भोकांतून निथळायचे. इथे फरशीवर शिंपडायची सोय नाही, म्हणून अख्खा तांब्या कुंडीत. आणि कुंडीला भोकच नव्हतं.

रुचिकानं कुंडी उपडी केली. मुळं काळी, चिकट झालेली. एकच पान धड होतं. तिनं त्याचे तुकडे कापले, सावलीत सुकू दिले. जुना डबा मी पलंगाखाली जपून ठेवला होता. त्यातच ते खोचले.

"आता पाणी मी सांगीन तवाच."

"आन् हात शिवशिवला तं?"

"तं तुम्ही प्या."

तेव्हापासून सकाळी मी डब्याजवळ बसून पाणी पिते. हिवाळा गेला. तुकडे वाळले नाहीत, वाढलेही नाहीत. भूपेश दोनदा म्हणाला, "मेलं असन ते."

आज सकाळी राहवलं नाही. यजमान मागावर ताण्याचं उभं सूत चाचपायचे, तसा एक तुकडा दोन बोटांत धरून हलकेच ओढला. तो आला नाही. पुन्हा ओढला. आतून कुणीतरी धरल्यासारखा घट्ट.

रुचिकाला हाक मारली. तिनं बघायला हात पुढे केला.

"ओढू नको वं," मी म्हटलं. "धरलं त्यानं."