जमिनीवरचा नेम

नोव्हेंबर लागला की आमच्या विस्कॉन्सिनमधल्या पुरुषांची अक्कल झाडावर चढते, आणि मग तेही तिच्या मागोमाग चढतात. वीस फुटांवर मचाण बांधायचं, धनुष्य घेऊन त्यावर कुडकुडत बसायचं आणि खालून हरीण गेलं की बाण सोडायचा. वर बसलं की हरणाला वास लागत नाही, त्याला वर बघायची सवय नसते, वगैरे वगैरे. तीस वर्षं ऐकलंय मी हे. माझा नवरा गेलन तर त्यातला महंतच. आणि या महंतानं मचाण झाडाला आवळायचा पट्टा तीन उन्हाळे, तीन हिवाळे तसाच झाडावर ठेवला. "मस्त आहे गं तो अजून," म्हणायचा. सगळेच ठेवतात. सगळ्यांचे तुटत नाहीत, एवढंच.

गेलनचा तुटला आणि तो वीस फुटांवरून खाली आला. कमरेखालचं सगळं गेलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. पहिलं वर्ष तो भांडला. डॉक्टरशी, खुर्चीशी, माझ्याशी, देवाशी. भांडत होता तोवर मला काळजी नव्हती. या ऑगस्टपासून मात्र त्यानं भांडणंही सोडलं. दाढी सोडली, खाणं सोडलं. बोललाच तर एकच बोलायचा, "अर्लिस, संपव गं मला एकदाचं. तुझीही सुटका होईल."

सकाळी अंघोळ घालताना हेच, दुपारी सूप पुढे ठेवलं की हेच. मी चिडायचे. "सुटका हवी असती तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी घेतली असती, आता म्हातारपणी कशाला?" असं म्हणायचे आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे. डॉक्टर म्हणाले, शरीराचं ठीक आहे, मनाचं बघा. मनाचं कुठे बघायचं असतं ते नाही सांगितलं मेल्यानं. मला एवढंच कळत होतं की या माणसाला काहीतरी हवंसं वाटलं नाही, तर तो नाताळ बघत नाही.

म्हणून मी डेल्मरला फोन केला. डेल्मर माझा धाकटा दीर.

"याला हरणाच्या शिकारीला घेऊन जा," मी म्हटलं.

"अगं, त्याला झाडावर कसा चढवू?"

"झाडावर कशाला? जमिनीवरून मारेल."

डेल्मर हसायलाच लागला. "अर्लिस, जमिनीवर बसून बाणानं? हरीण समोरून डोळ्यांत डोळे घालून बघतं. आणि नुसतं विचारलं तरी तो थोबाडीत मारेल माझ्या."

"मारू दे. हात तरी उचलेल."

गेलनला मीच सांगितलं. त्यानं भिंतीकडे बघत विचारलं, "जमिनीवरून? म्हाताऱ्या अक्रोड वेचतात तसं?"

"हो, तसंच. आणि तुला जमेल असं काही मला वाटत नाही."

चौथ्या दिवशी म्हणाला, "माझं धनुष्य कुठे ठेवलंयस?"

देवाशप्पथ सांगते, मी हातातली बशी सिंकमध्ये टाकून धावले. डेल्मरनं धनुष्याचा ताण थोडा कमी करून दिला. गेलन अंगणात खुर्चीत बसून गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारायला लागला. पहिल्या दिवशी चार, मग वीस, मग अंधार पडेपर्यंत. हात त्याचे आधीपासूनच दणकट, आता खांदेही भरले. न्याहारीला दोन अंडी खायला लागला. एकदा तर म्हणाला, "बटाटे कच्चे राहिलेत." मला इतका आनंद झाला की मी त्याला उलट बोललेसुद्धा नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उजाडता उजाडता डेल्मरनं त्याला खुर्चीसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आमच्या टेकडीच्या मागच्या उतारावर नेलं. एक जुना ओक पडलाय तिथे. त्याच्या खोडाला खुर्चीची पाठ टेकवली, पुढे फांद्या रोवून आडोसा केला. वारा तोंडावर होता. मी मागे पालथ्या बादलीवर बसले. डेल्मर म्हणाला, "हलू नका, शिंकू नका, भांडू नका." आणि स्वतः निर्लज्जासारखा पलीकडच्या झाडीत आपल्या मचाणावर जाऊन बसला.

तासभर काही नाही. गेलनचं डोकं मला मागून दिसत होतं. मान ताठ होती. गेल्या कित्येक महिन्यांत ती मान मी तशी बघितली नव्हती. मी मनात म्हणत होते, येऊ दे रे बाबा एखादं, येऊ दे.

आठच्या सुमारास मादी आली. तिच्या मागे, नाक जमिनीला लावून, नर. डोक्यावर आठ टोकांची शिंगं. या दिवसांत त्यांना मादीपुढे काही सुचत नाही, पुरुषासारखा पुरुष. नराचं डोकं एका जाड झाडाआड गेलं आणि गेलननं दोरी ओढून धरली. नरानं ओढताना बघितलं असतं तर पळाला असता, म्हणून तो झाडाआड असताना. हे मला त्यानंच कधीतरी सांगितलेलं.

पण मादीनं बघितलं. पंधरा पावलांवर उभी राहून सरळ आमच्याकडे बघत होती. वरून म्हणे हरणाची पाठ दिसते. खालून डोळे दिसतात. तिनं पुढचा पाय जमिनीवर आपटला. नर झाडाआडून बाहेर आला तो ताठरलेलाच. गेलननं बाण सोडला.

दोरीचा आवाज झाला आणि नर खाली दबला. बिथरलेलं हरीण उडी मारायच्या आधी असं दबतंच, म्हणून नेम खाली धरायचा असतो. गेलनला माहीत नव्हतं असं नाही. पण दोन वर्षांनी समोर हरीण आलं होतं. जो बाण छातीत जायचा तो वर, पाठीच्या कण्यात गेला.

मागचा अर्धा भाग जागच्या जागी बसला. पुढचे दोन पाय मात्र चालूच. ते पाय जमीन खरवडत पुढे सरकत होते आणि मागचं धड पोत्यासारखं फरफटत येत होतं. तोंडातून आवाज यायला लागला. हरीण असं ओरडतं हे मला माहीतच नव्हतं. मादी केव्हाच पळून गेली होती.

"दुसरा बाण मार," मी म्हटलं.

गेलननं धनुष्य मांडीवर ठेवलेलं होतं.

"गेलन! मार लवकर, समोरच आहे."

"नको."

"नको काय नको? हाल होतायत त्याचे!"

"जाऊ दे त्याला," गेलन म्हणाला. "जातंय ना ते. बघ, जातंय. जाऊ दे."

ते कुठेही जात नव्हतं. वीस हात लांब काटेरी झुडपांत अडकून पुढचे पाय झाडत होतं, आणि मान वळवून मागे बघत होतं, आपल्याच पायांकडे. मी मूर्ख नाही. नवऱ्याला काय दिसतंय ते मला कळत होतं. मीच आणलं होतं त्याला इथे, मोठी शहाणी. पण जनावराला तसं ठेवता येत नाही. आमच्याकडे दारुडासुद्धा तसं ठेवणार नाही.

धनुष्य मला ओढता येत नाही. मी पिशवीतून सोलायचा चाकू काढला.

"अर्लिस, नको," तो म्हणाला. "अर्लिस!"

माझे वडील गावोगाव जाऊन लोकांची डुकरं कापून द्यायचे. लहानपणी पाय धरायला मीच असायचे. मागून गेले, शिंगं चुकवली, मानेवर गुडघा टेकवला. हात विसरत नाही म्हणतात, पण थोडा विसरतो. एका झटक्यात व्हायला हवं होतं, ते झालं नाही. दोनदा लागलं. मी त्याला, हरणाला, "झालं हं, झालं, झालं," म्हणत होते. माझ्या आईच्या शेवटच्या दिवशीही मी हेच म्हणत होते. मग पाय थांबले.

उठले तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते, तोंडावरही उडालं होतं. मी आडोशाकडे परत आले.

"संपलं," मी म्हटलं.

गेलन हरणाकडे बघतच नव्हता. माझ्या हातांकडे बघत होता, मग माझ्या तोंडाकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चाकू खाली ठेव, अर्लिस."

"पुसते की."

"आधी खाली ठेव."

मी एक पाऊल पुढे टाकलं आणि त्यानं दोन्ही हातांनी चाकं मागे ओढली. मागे ओकचं खोड. चाकं त्यावर आपटली. त्यानं पुन्हा ओढली, पुन्हा आपटली. तोंडानं म्हणत होता, "मी बोललो होतो ते... अगं मी रागात बोलायचो. ऐकतेस ना? रागात."

मी चाकू खाली टाकला आणि गवतात बसले. हसू आलं की रडू, काय की. तीन महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला होता ते मला मिळालं होतं. घाबरलेल्या माणसाला जगायचं असतं. फक्त तो मला घाबरला होता.

डेल्मर धावत आला, हरीण बघून ओरडला, "वा रे पठ्ठ्या!" आणि भावाच्या पाठीत धपाटा घातला. गेलन हसला. सगळ्या चर्चला आता ठाऊक आहे की गेलननं जमिनीवरून आठ टोकांचा नर मारला.

गेलन आता मरायचं नाव काढत नाही. दाढी करतो. व्यायाम करतो, हातांचा, रोज दोन तास. गोळ्यांची डबी त्यानं स्वतःकडे ठेवून घेतली आहे. अंघोळीला डेल्मरला बोलावतो, "तुला कशाला त्रास," म्हणतो. दुपारी मी सूप आणून ठेवलं की चमचा माझ्याकडे करतो.

"गरम आहे का बघ गं जरा."

मी एक चमचा खाऊन दाखवते. मग तो जेवतो.