किरकोळ दुरुस्तीसाठी बंद

"लाल स्वेटर, दोन वेण्या, वय अंदाजे चार, हरवले-सापडले कक्षात आहे." हा आवाज माझा. गेली अकरा वर्षं पार्कमध्ये येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर तो आदळतोय. शब्द मात्र माझे नाहीत. माइकशेजारी खिळ्याला सात कार्डं टांगलेली आहेत, प्लॅस्टिकमध्ये घातलेली, आणि त्यांच्याबाहेर एक अक्षर बोलायचं नाही असा मॅनेजरचा हुकूम आहे. कार्ड एक, मूल सापडलं. कार्ड दोन, वस्तू सापडली. कार्ड चार, "किरकोळ दुरुस्तीसाठी पाळणा काही वेळ बंद राहील, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." कार्ड चार मला झोपेतही पाठ आहे.

आधी हरवलेल्या पोरांची खोली वेगळी होती आणि सामानाची वेगळी. हा मॅनेजर आला, दोन्ही खोल्यांतून फिरला आणि म्हणाला, "बाई, दोन्ही हरवलेलंच ना?" झालं. तेव्हापासून छत्र्या, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि रडणारी पोरं, सगळं एकाच खोलीत, एकाच बाईच्या गळ्यात.

त्या दिवशी सुट्टी होती. आत सहा हजार माणसं. साडेदहाला मॅनेजर स्वतः माझ्या खोलीत आला. एरवी तो फोनवरून खेकसतो. चेहरा पांढराफटक.

"बाई, फोन आला होता. बाराच्या आत पार्क रिकामं करा, नाहीतर मोठा पाळणा उडवतो म्हणाला."

मस्करी म्हणावी तर महिन्याभरात आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या दोन पार्कांना असे फोन आले होते. पहिल्या वेळी काही निघालं नाही. दुसऱ्या वेळी तिकीटखिडकी उडाली आणि वॉचमनचा उजवा हात गेला.

"मग बंद करा की पार्क! वाट कसली बघताय?"

"बाँब म्हटलं की चेंगराचेंगरी होईल. तुम्ही माइकला हात लावायचा नाही. एकही कार्ड नको. पोलिसांना मी कळवलंय. तोवर बेवारस बॅगा गुपचूप गोळा करतोय."

"आणि ठेवणार कुठे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच अक्कल नाही. "बेवारस सामान कुठे ठेवतात, बाई?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलायला तोंड उघडलं तोवर तो गेलाही. आणि पंधरा मिनिटांत बॅगा यायला लागल्या. झाडूवाले आणत होते, तिकीटवाले आणत होते, नियमाप्रमाणे माझ्या वहीत सही करत होते आणि निघून जात होते. बिचाऱ्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. सव्वाअकरापर्यंत माझ्या फळीवर एकोणीस बॅगा, आणि फळीखालच्या बाकावर चार पोरं. मोठं सात वर्षांचं, धाकटं तीनचं. मी मॅनेजरला फोन लावला.

"साहेब, इथे पोरं आहेत. कळतंय का तुम्हाला? पोरं!"

"बाई, आवाज खाली. पाहणी चालू आहे."

"पाहणी गेली चुलीत!" मी रिसीव्हर आपटला. धाकटं रडायला लागलं. त्याला वाटलं मी त्यालाच ओरडले.

तेवढ्यात बाकाच्या टोकावरची मुलगी उठली. पाच वर्षांची असेल. पाणचक्कीपाशी आजोबांचा हात सुटला, एवढं सांगून अर्धा तास गप्प बसली होती. नाव विचारलं तर म्हणे चिमणी. ती फळीवरच्या खाकी पिशवीकडे बोट दाखवत म्हणाली, "ही आमची आहे."

"तुमची? बरं झालं. आण बघू."

"नाही. हात नाही लावायचा. आजोबांनी पाळण्याखाली ठेवलेली. म्हणाले, हात लावशील तर बोलणार नाही तुझ्याशी."

मी तिच्यापाशी वाकले. हळूच विचारलं, "काय करतात गं तुझे आजोबा?"

"पाळणे दुरुस्त करायचे. इथलेच. आता नाही करत."

मिस्त्री! ज्याने या पार्कातला एकेक नट आवळला, ज्याने माझ्या या माइकची वायरसुद्धा ओढली, तो मिस्त्री. आमच्याकडे एकट्या पुरुषाला आत सोडत नाहीत, सोबत लेकरू लागतं. म्हणून याने नात आणली! तिकीट म्हणून! आणि हात सुटल्यावर खिडकीशी यायची सोय नाही, कारण मी त्याला ओळखते. आणि मूल सापडलं म्हणून माइकवर सांगायला मला बंदी. म्हणजे म्हातारा बाहेर वेड्यासारखा शोधत असणार, आणि नात इथे, त्याच्याच पिशवीखाली बसलेली. वा रे वा, काय डोकी आहेत एकेकाची!

खिडकीसमोर पॉपकॉर्नवालीची गाडी असते. मी तिला हाक मारली. "गाडी टाक तिथेच. ही चार पोरं घे आणि मोठ्या गेटबाहेर जा. धाकट्याला कडेवर घे. मागे वळून बघू नकोस आणि मला काही विचारू नकोस." तिने माझं तोंड पाहिलं, धाकट्याला उचललं आणि बाकीच्या तिघांना पुढे घालून निघाली. मग मी पोलिसांना फोन केला. अकरा चाळीस. पलीकडचा माणूस म्हणाला, "कुठलं पार्क? आमच्याकडे काहीच नोंद नाही." मॅनेजरने कळवलंच नव्हतं! गंगाजळ प्यावं तसं खोटं बोलला होता मेला, घटाघटा.

आता माइक. बाँब म्हणावं तर गेटपाशी पोरं तुडवली जातील, हे मॅनेजरचं एक खरं होतं. पण अकरा वर्षांत मला माणसं कळलीत. पोर दृष्टीआड झालं तर अर्धा तास कळत नाही, पण गाडीला ओरखडा पडला की पाताळातूनही कळतं. मी बटण दाबलं. "पार्किंगमधल्या गाड्या उचलून नेण्याचं काम सुरू झालं आहे. ज्यांना गाडी हवी त्यांनी सहकुटुंब बाहेर यावं. सगळे पाळणे बंद करत आहोत. घाई नको, सगळ्यांना वेळ आहे." पाच मिनिटांत रस्ते गेटाकडे वाहायला लागले. शिव्या मोजता येणार नाहीत एवढ्या, पण चेंगराचेंगरी नाही.

मग कार्ड एक काढलं आणि त्यात माझं घातलं.

"पिवळा फ्रॉक, वय पाच, नाव चिमणी. आजोबांची वाट बघते आहे. आजोबांची पाळण्याखाली राहिलेली खाकी पिशवीही सापडली आहे. दोन्ही हरवले-सापडले कक्षात एकाच बाकाशी आहेत. आजोबा आल्याशिवाय दोन्ही इथून हलणार नाहीत."

बोलून झाल्यावर मीही निघायला हवं होतं. नाही निघाले. धैर्य-बिर्य काही नाही हो. मला त्याचं तोंड बघायचं होतं. एवढा राग होता की भीतीला आत यायला जागाच नव्हती.

चार मिनिटांत आला. टोपी पडलेली, छाती भात्यासारखी चाललेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवी खाली घेतली, गुडघ्यांवर बसला, आत हात घातला. त्याची बोटं एकदाही थरथरली नाहीत. शेवटी एक वायर बाहेर ओढून त्याने जमिनीवर फेकली आणि मग कुठे बाकाकडे पाहिलं.

"चिमणी कुठे आहे?"

"गेटबाहेर. केव्हाच काढली. बाकीची तिघंही."

तो जमिनीवरच बसला आणि हुंदके द्यायला लागला. मी त्याच्यावर तुटून पडले. "आता रडतोस? तुझी होती म्हणून धावत आलास! दुसऱ्यांची तीन बसली होती इथे! त्या वॉचमनला हात परत देणारेस का?"

"मी दीड तास आधी सांगितलं होतं, बाई. पार्क रिकामं करा म्हणून."

"कुणाला सांगितलंस? या मॅनेजरला! तो काय करतो ते तुला ठाऊक नव्हतं?"

"मला नाही ठाऊक?" त्याने मान वर केली. "माझा पोरगा वर पाना घेऊन चढला होता. रांग वाढली म्हणून यांनी खालून पाळणा चालू केला. माझ्या डोळ्यांदेखत पडला तो. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि वर कर्ण्यातून आवाज येत होता, किरकोळ दुरुस्तीसाठी बंद, दिलगीर आहोत. दोनदा आला. कोण होतं हो माइकवर?"

मी होते. दोनदा, कारण रांग मोठी होती. तीन वर्षं झाली. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं, असं मी मनाशी म्हणत आले. पण दुसऱ्यांदा वाचताना मला ठाऊक होतं. खिडकीतून स्ट्रेचर दिसलं होतं.



पोलीस आले, पिशवी घेऊन गेले, त्यालाही घेऊन गेले. तो निमूट गेला. जाणारच, करणीच तशी होती त्याची, आणि ती मी माफ केलेली नाही. पाठोपाठ मॅनेजर आला. चेहऱ्यावर रंग परत आलेला. खिळ्यावरून कार्ड काढून माझ्यासमोर धरलं.

"शाब्बास बाई, निभावलंत. आता हे वाचा. लोक पार्किंगमध्ये उभे आहेत, दोन वाजता पुन्हा उघडू."

कार्ड चार.

मी ते घेतलं, उलटं ठेवलं आणि बटण दाबलं.

"पार्कमध्ये आज बाँब होता. मॅनेजरला साडेदहापासून माहीत होतं. पोलिसांना त्यांनी कळवलं नाही. बॅगा हरवलेल्या पोरांच्या खोलीत ठेवायला लावल्या. ज्याने बाँब ठेवला त्याला पकडलं आहे."

"बाई!" मॅनेजर ओरडला.

"आणि आणखी एक. तीन वर्षांपूर्वी मोठा पाळणा किरकोळ दुरुस्तीसाठी बंद आहे, असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. वय अठ्ठावीस, निळा डगला, हातात पाना. तो वर असताना खालून पाळणा चालू केला. तो गेला. मला माहीत होतं आणि मी कार्ड वाचलं."

मागच्या खिडकीतून पार्किंग दिसत होतं. माणसं गाड्यांची दारं उघडी टाकून कर्ण्याकडे बघत उभी होती. पोलिसांच्या गाडीत चढता चढता मिस्त्री थांबला होता. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, दोनदा, रांग मोठी होती म्हणून. मॅनेजर टेबलाखाली शिरून माइकची वायर शोधत होता. ती कुठून निघते, ते फक्त मिस्त्रीला ठाऊक होतं.