सेफ्टी वॉल्व्हवरचा हार

चंपतरावांनी नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला, आणि एवढ्या वर्षांत त्यांना कोणी घाबरलेलं पाहिलं नाही. घाबरलेले तर ते रोजच असत. पण बॉयलरपाशी माणूस गप्प उभा राहिला की लोक त्याला धीराचा समजतात.

निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. चंपतरावांनी तीन वर्षं खपून वाफेचं इंजिन बांधलं. गुडघ्याएवढं उंच, तांब्याच्या बॉयलरचं, खऱ्या कोळशाचं. अडचण एवढीच, की मागे माणसं बसली की ते वाफेवर हलेना. मग त्यांनी चाकांना जुन्या ई-रिक्षाची मोटर जोडली आणि वाफ शिट्टीपुरती ठेवली. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. वरातीत नवरदेव घोड्यावर बसतो, लगाम दुसऱ्याच्याच हातात असतो.

दसऱ्याच्या दुपारी घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर गोल रूळ टाकून गाडी निघाली. मागच्या दोन डब्यांत पाचजण बसले होते. सगळे धम्मानंदाचे पाहुणे, दीक्षाभूमीसाठी गावाहून आलेले. धम्मानंद म्हणजे चंपतरावांचा कारखान्यातला जोडीदार, शेजारच्याच गल्लीत राहणारा. त्याची आत्या कांताबाई मांडीवर पिशवी घेऊन पहिल्या डब्यात होती. सगळ्यांच्या पुढे, बॅटरीच्या पेटीवर, बॉयलर दोन गुडघ्यांमध्ये धरून चंपतराव.

पहिली चक्कर झकास झाली. दुसऱ्या चकरेत दाबाचा काटा चारवर आला. चारवर सेफ्टी वॉल्व्हने आपोआप उघडून जास्तीची वाफ सोडायची असते. तो उघडला नाही. काटा साडेचारवर गेला.

चंपतरावांनी वॉल्व्हकडे पाहिलं. तिथे झेंडू होता.

सकाळी पार्वतीबाईंनी इंजिनाची पूजा केली होती. बॉयलरच्या गोल पाठीवर हार काही टिकेना. वर आलेली वस्तू एकच, सेफ्टी वॉल्व्ह. पार्वतीबाईंनी नवऱ्याच्याच टेबलावरची तार घेऊन हार त्याला बांधला. थेट स्प्रिंगवर, दहा वेढे, पक्का. पूजा मनापासून केली होती.

कारखान्यातही दसऱ्याला बॉयलरची पूजा व्हायची. पेटवण्याआधी हार काढायचा, ही पहिली ड्यूटी. एकतीस वर्षं ती चंपतरावांनीच केली. आज घरचंच काम म्हणून त्यांनी प्रसाद खाल्ला आणि कोळसा पेटवला.

पाण्याचा दाब देऊन त्यांनी बॉयलर आठपर्यंत तपासला होता. आठच्या पुढचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. एका ठिकाणी बॉयलरचं झाकण उडून तिसऱ्या शेडच्या पत्र्यातून आत गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा कोणाला लागलं नाही, कारण चहाची सुट्टी होती. इथे चहाची सुट्टी नव्हती.

त्यांनी शिट्टीची दांडी खेचून धरली. डब्यांतल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काटा थांबला, पण काचेच्या नळीतलं पाणी झरझर खाली येऊ लागलं, आणि कोरडा बॉयलर भरल्या बॉयलरपेक्षा वाईट. शिट्टी सोडावी लागली. साडेपाच.

तार आता कापली, तर वाफ सरळ तोंडावर येणार. एकच उपाय होता: खालची पिन ओढून जळता कोळसा बाहेर पाडायचा. त्याआधी माणसं लांब जायला हवीत. त्यांनी गाडी थांबवली.

"उतरा, आत्याबाई."

"काहून गा?" कांताबाई म्हणाली. "तीन चकरा म्हणला होता ना तू? दोन बी नाही झाल्या."

"बॅटरी संपली."

"मग भरून घे. आम्ही बसतो. सकाळपासून उभी होती मी, पाय दुखून राहिले."

खरं कारण सांगितलं, तर पाचजण एकमेकांवर पडतील. बसायला जागा बुटकी, गुडघे छातीशी, त्यात पिशव्या. काटा सहावर गेला.

"काय गा चंपत, स्टेशन आलं का?" म्हणत रुळांच्या कडेला उभा असलेला धम्मानंद जवळ आला. त्याची नजर काट्यावर गेली, मग हारावर, आणि त्याचं हसू तिथंच थांबलं.

"तपासला कितीवर?" त्याने हळूच विचारलं.

"आठ."

धम्मानंद वळला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "चला बाप्पा, घरी पंगत बसून राहिली. जिलेबी थोडीच आहे."

अर्ध्या मिनिटात प्लॉट रिकामा झाला. कांताबाई सगळ्यांच्या पुढे होती.

चंपतराव पोटावर झोपले. पक्कड पिनेला लावली, ती निसटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. बॉयलर फुटलाच तर आधी डोक्याला लागेल की खांद्याला, याचा हिशोब मन आपला आपण करत होतं. तिसऱ्यांदा पिन आली आणि लालभडक कोळसा खाली पडला. काट्याला ही बातमी उशिरा कळली. सव्वासात. साडेसात. तिथे तो थांबला.

ते उठले नाहीत. तसेच रांगत मागे आले, तर विटांच्या ढिगाआड धम्मानंद बसलेला.

"पाहुणे?"

"घरी. जिलेबी शोधून राहिले."

दोघं तिथेच बसले. तासाभराने धम्मानंद म्हणाला, "शून्य झालं." म्हाताऱ्या डोळ्यांना लांबचं नीट दिसतं.

"मग जा, तार काप."

"मी काहून? इंजिन तुझं आहे."

"माझं आहे म्हणूनच मले माहीत आहे, ते काय करू शकते."

कोणीच उठलं नाही. तेवढ्यात पार्वतीबाई आल्या.

"दोघंजण विटांमागं काय करून राहिले?"

त्या सरळ इंजिनापाशी गेल्या, वाकल्या आणि एकेक वेढा सोडवू लागल्या. चंपतरावांनी डोळे मिटले. धम्मानंदाने चंपतरावांचा दंड धरला. शेवटचा वेढा सुटला. स्प्रिंग टिक् वाजली, एवढंच.

"हार तर पार सुकून गेला," पार्वतीबाई म्हणाल्या. "दुसरा आणू का?"

चंपतरावांनी विटांना धरून उठून पाहिलं.

"ते मंग पाहू," ते म्हणाले. "आधी मले उठव वं."