घोंगडीखालची ठिणगी

मी एका फाटक्या तोंडाची बॅटरी बोलते आहे. माझे वरचे झाकण उडाले आहे आणि एक बाजू उभी चिरली आहे. माझ्याजवळ बसून ऐकायला हरकत नाही. फक्त कडेवर हात ठेवू नका, तिथे अजून आम्ल आहे.

माझा जन्मच मारझोडीतला. शिसे वितळवले, साच्यात ओतले, त्याच्या जाळ्या केल्या, त्या जाळ्यांवर राखाडी लगदा दाबून भरला. मग सहा कप्प्यांत त्या पट्ट्या ठोकून बसवल्या आणि वरून आम्ल ओतले. त्या क्षणी मी आतून उकळले. ज्याला तुम्ही वीज म्हणता, ते माझ्या पोटातले भांडण आहे. शिसे आणि आम्ल एकमेकांना खातात, विद्युतभाराने पुन्हा सोडवले जातात, पुन्हा खातात. हे भांडण मर्यादेत ठेवणे, एवढीच माझी निगा.

मला हृषिकेशने निवडले. तो मूळचा फलटणचा, रेगेन्सबर्गच्या विद्यापीठात पीएच.डी. करणारा. त्याने एक जुनी कॅम्परव्हॅन घेतली होती. आत दोन बाके, एक शेगडी, एक छोटा हीटर. इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी होती. मी बाकाखालच्या पेटीत बसून दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा चालवायचे. हीटर डिझेलवर जळतो; पण पंखा थांबला की तोही विझतो, हे लक्षात असू द्या.

हृषिकेशने निवड घाईने केली नाही. दुकानात लिथियमच्या बॅटऱ्याही होत्या. माझ्याहून हलक्या आणि देखण्या. त्याने त्या हातात घेऊन पाहिल्या आणि परत ठेवल्या. स्वतःशीच बोलल्यासारखा तो म्हणाला होता, "ह्या थंडीत वीज देतात, पण शून्याखाली घेऊ शकत नाहीत. जबरदस्तीनं चार्ज केलं की आत धातूचा थर चढतो. स्वतःला गरम ठेवणारी असती तर घेतली असती." त्याची गाडी हिवाळाभर उघड्यावर उभी राहणार होती. म्हणून मी.

शिशालाही थंडी सोसत नाही, एवढे मी प्रामाणिकपणे सांगते. कडाक्याच्या गारठ्यात माझी ताकद निम्म्यावर येते. मात्र पोट भरलेले असेल तर मी गोठत नाही. पोट रिकामे झाले की आम्लाचे जवळपास पाणी होते, आणि पाणी काय करते ते तुम्हाला ठाऊक आहे. हृषिकेश दर आठवड्याला काचेच्या नळीने माझ्या आम्लाची घनता मोजायचा, शुद्ध पाणी घालायचा, माझी टोके घासून पुसायचा. असा मालक मिळाला म्हणून मी निश्चिंत होते.

जानेवारीत त्याची आई, कुसुमताई, गाडीत आल्या. त्या धाकट्या मुलाकडे, ओजसकडे, कोलोनला उतरल्या होत्या. ओजस तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. वडील गेल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. परतीच्या विमानाआधी दोन मुलांच्या मध्ये बसून एकदा जेवायचे, एवढीच त्या माउलीची मागणी होती. म्हणून बायरिश जंगलातल्या एका कॅम्पिंगच्या जागी दोन दिवस काढायचे ठरले. कुसुमताईंनी सामानात दिवंगत पतीची, यशवंतरावांची, काळी घोंगडी आणली होती. ती कोणासाठी आणली, हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते.

तिकडे पोहोचलो तेव्हा वारा गाडीला थपडा मारत होता. बर्फ आडवा येत होता. प्रत्येक गाडीच्या जागेशी विजेचा एक खांब होता. हृषिकेशचा नियम होता: थांबल्याबरोबर आधी खांबाची केबल जोडायची, मग बूट काढायचे. त्या संध्याकाळी तो नियम मोडला. तो केबल हातात घेऊन दाराशीच उभा होता, तेवढ्यात ओजस म्हणाला, "केबल जोडायला बरा वेळ मिळतो रे तुला, दादा. बाबांना खांदा द्यायला नाही मिळाला."

"ओजस, जेवताना नको," आई म्हणाल्या.

"जेवायला अजून कोण बसलंय? गेनाऊ, बरोबर, आत्ताच बोलू. मडकं मी धरलं, आई. अग्नी मी दिला. थोरल्याचं काम होतं ते. सगळं फलटण विचारत होतं, थोरला कुठाय?"

"माझं रेसिडेन्स कार्ड संपलं होतं," हृषिकेश म्हणाला. तो नेहमीसारखा मोजून बोलत होता. "आउसलेंडरबेहोर्डेची, त्या परदेशी लोकांच्या कचेरीची, तारीख मिळत नव्हती. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत घेतलं नसतं. चार वर्षांचं काम होतं, ओजस."

"मग नसतास आलास परत!"

पहिला हात कोणी टाकला, ते मी खात्रीने सांगू शकत नाही. माझी पेटी बाकाखाली आहे. मला केबल जमिनीवर पडल्याचा आवाज आला, मग कोणीतरी कपाटावर आदळले. ताटे कोसळली. बाकावर कोणाचे तरी डोके आपटले, थेट माझ्या वर. "अरे सोडा! अरे, माझ्या अंगावर तरी पडू नका!" असे आई ओरडत होत्या. शेवटी त्यांनी पिठल्याचे पातेले उचलून जमिनीवर फेकले. त्या आवाजाने दोघे थांबले. ओजसचा ओठ फाटला होता. हृषिकेशचा चष्मा मोडला होता. कोणी जेवले नाही. आणि केबल दाराबाहेर बर्फात तशीच पडून राहिली.

पुढचे मला एकटीला माहीत आहे. हीटरचा पंखा फिरत राहिला, मी देत राहिले. माझे आम्ल पातळ होत गेले. पहाटेआधी पंखा थांबला आणि फटीतून थंडी पेटीत शिरली. कडेच्या दोन कप्प्यांत बर्फाचे काटे धरू लागले. बर्फाला जागा जास्त लागते. तो पट्ट्यांना ढकलतो, वाकवतो, त्यांच्यावरचा लगदा ओरबाडून काढतो. माझ्या बाजूला फुगवटा आला. माणसाची हाडे मोडताना आवाज होतो म्हणतात. माझ्या आत तसाच आवाज होत होता, पण वरती तिघे पाठी फिरवून पडली होती.

उजाडल्यावर आईंना उठवेना. त्यांचे ओठ काळसर झाले होते आणि हुंकाराला वाफ येत होती. हृषिकेशने त्यांना आपली झोपायची पिशवी गुंडाळली आणि मोडका चष्मा सुतळीने बांधून तो पाण्याचे कॅन भरायला गेला. जाताना म्हणाला, "बॅटरीला कोणी हात लावायचा नाही. ती गोठली असेल तर आधी उबेत वितळू द्यावी लागते." पण हे तो दाराकडे पाहून म्हणाला. भावाकडे पाहून म्हणाला असता, तर कदाचित ऐकले गेले असते.

ओजस वाईट नव्हता. आई कुडकुडताना त्याला पाहवेना. रात्रीच्या भांडणापायी केबल राहिली, हे त्याला कळले होते, आणि ते त्याला स्वतःच्या हाताने निस्तरायचे होते. त्याने बर्फातून केबल ओढून काढली, खांबाला जोडली, माझ्या पेटीचे झाकण उघडले आणि चार्जरचा खटका सर्वांत जोरावर टाकला.

"होईल गं आई, दहा मिनिटांत हीटर चालू होतो बघ."

आईंनी वाकून माझ्याकडे पाहिले. माझ्या अंगावर दहिवर गोठले होते.

"अगं बाई, किती गारठलीय ही! अंगाला हात लावला तर बोट चिकटतंय." आणि त्यांनी सामानातून ती घोंगडी काढली. आजाऱ्याला पांघरावी तशी माझ्यावर घातली. चारही बाजूंनी नीट खोचली. "ह्यांची आहे. उबेला फार चांगली."

इतक्या मायेने मला कोणी कधीच झाकले नव्हते. तरीही सत्य सांगितले पाहिजे. माझ्यात स्वतःची ऊब नाही, त्यामुळे पांघरुणाने मी गरम होत नाही. उलट जोराने चार्ज करताना माझ्यातून हायड्रोजन सुटतो. त्याला बाहेर जायला वाट हवी असते. गोठलेले कप्पे वीज घेत नव्हते, उरलेले खदखदत होते, आणि तो सगळा वायू घोंगडीखाली साठत चालला होता. मी ओरडू शकत नव्हते. मी फक्त वास सोडू शकत होते, आंबट आणि घशाला टोचणारा.

हृषिकेशला तो वास दारातच आला. पाण्याचे कॅन त्याच्या हातातून पायरीवर सुटले.

"चार्जर कोणी लावला? आणि हे काय घातलंय वर?"

"मी लावला. आल्झो, हे बघ, सकाळी सकाळी सुरू नको होऊस."

"गोठलीय ती! गॅस साठलाय खाली. हो बाजूला!" त्याने घोंगडीच्या टोकाला हात घातला.

"दादा, ती बाबांची आहे."

"सोड म्हणतो ना!"

"तू सोड! तुझा काय हक्क तिच्यावर? बाबांच्या अंगावर शेवटची घातली तेव्हा होतास तिथं?"

आणि दोघे ओढू लागले.

इथे मी एक गोष्ट सांगते आणि पुढे जाते. विजेचा खांब दाराबाहेर, दोन पावलांवर होता. हृषिकेशने आधी तो बंद करायचा, मग दारे-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढायचे, आणि मला हातसुद्धा लावायचा नाही. हे त्याच्याइतके नीट कोणालाच माहीत नव्हते. पण भाऊ समोर उभा होता, आणि त्या रागात त्याला खांब दिसला नाही. फक्त घोंगडीचे दुसरे टोक दिसले.

कोरडी हवा, लोकरीवर लोकर घासलेली, दोन तापलेली माणसे. घोंगडी माझ्यावरून खसकन सरकली आणि तिच्या दशांत एक निळी ठिणगी उडाली. तुमच्या स्वेटरमधून निघते तेवढीच.

मी फुटले.

माझे झाकण छत भेदून तिथेच अडकले. खिडकी बाहेर उडाली. शिशाचे तुकडे ओजसच्या दंडात रुतले. आणि माझे आम्ल, इतके दिवस सहा कप्प्यांत शिस्तीने राहिलेले, हृषिकेशच्या तोंडावर गेले. तो किंचाळला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबून बाकाला धडका मारू लागला.

"पाणी!" ओजस ओरडला. "आई, ते कॅन! ओत! थांबू नकोस!"

ओजसच्या कानातून रक्त येत होते. त्याने भावाच्या छातीवर गुडघा रोवला, त्याच्या मुठी पिरगळून बाजूला केल्या आणि बोटांनी पापण्या फाकवल्या.

"डोळे उघड, दादा!"

"सोड मला! जळतंय रे, सोड!"

"उघड म्हणतो! नाही सोडणार. मार मला, मार, पण उघडे ठेव!"

आणि हृषिकेशने खरोखर मारले. आंधळ्याने मारावे तसे, तोंडावर, मानेवर, रुतलेल्या शिशावर. ओजसने हात हलवला नाही. आई रडत, देवाचे नाव घेत, धार धरून पाणी ओतत राहिल्या. एक कॅन संपला, दुसरा उघडला. ओजसच्या बोटांची सालटी निघत होती. शेजारच्या गाडीतल्या माणसाने खांब बंद केला आणि रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत ती बोटे त्या पापण्यांवरून निघाली नाहीत.

नंतर किती तरी दिवस मी एका प्लॅस्टिकच्या घमेल्यात, रिकाम्या गाडीत पडून होते. आज मला जुन्या वस्तू गोळा करतात त्या आवारात आणले आहे. गाडी ओजसने चालवली. शेजारी हृषिकेश बसला आहे. त्याचा उजवा डोळा वाचला. डाव्याला उजेड आणि आकार कळतात. याहून जास्त कळेल की नाही, हे डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. त्याच्या खांद्यावर ती घोंगडी आहे. आम्लाने त्या दिवशीच्या सगळ्या सुती कपड्यांची चाळण झाली, पण लोकरीला आम्ल सहसा खात नाही. आईंनी ती मागच्या बाकावरून त्याच्या अंगावर घातली. सरकलेले टोक ओजसने वर खोचले. आईंचे विमान परवा आहे. डबा मध्ये उघडा आहे आणि तिघे त्यातूनच खात आहेत.

"आता लिथियम घेऊ," ओजस म्हणतो. "ती स्वतःला गरम ठेवणारी."

"शून्याखाली चार्ज आपोआप तोडते का, ते आधी विचार."

"विचारलं. तोडते."

"आणि लावायला मी सांगेन तसंच लावायचं."

"जा, जा, सर. डोळा एक, पण हुकूम दोन माणसांचे!"

"मेल्यांनो, आधी भाकरी संपवा," आई म्हणतात. हृषिकेश हसतो, आणि हसताना ताणली गेलेली गालाची नवी कातडी हाताने धरतो.

मला उचलायला हातमोजे घातलेला माणूस येतो आहे. आता मला फोडतील, वितळवतील, शिसे गाळून पुन्हा साच्यात ओततील. त्याचे दुःख नाही. शिशाला मरण नसते, नुसती नवी मारझोड असते. कदाचित मी तुमच्याच गाडीत येईन. थंडी पडण्याआधी माझे पोट भरून ठेवा. रिकामी राहून गोठले, तर उबेत वितळू द्या आणि फुगलेली दिसले, तर पुन्हा जोडूच नका. चार्ज होताना मला झाकू नका, कितीही माया आली तरी. आणि मी खदखदत असताना तुमच्या घरात काही जुने उफाळून आलेच, तर दोन पावले बाहेर जा. आधी खांब बंद करा. भांडण त्यानंतरही करता येते.